टाचणीबाईचा जाड्या

टाचणीबाई दर बुधवारी एका जाड्याकडे जाते.

ही बातमी आमच्या गल्लीतल्या बटणांच्या दुकानातून निघाली आणि दुपारच्या चहापर्यंत कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे पोचलीसुद्धा. बातमी एवढीच. जाड्या कोण, राहतो कुठे, करतो काय, कशाचा पत्ता नाही. पण खरं सांगू का, बातमी अशी अर्धवट असण्यातच मजा. पुरी बातमी ऐकली की माणूस आपल्या घरी जातो. अर्धी ऐकली की शेजाऱ्याकडे जातो.

आणि बाई कोण, तर जिच्याबद्दल आजवर कोणाला एक वाकडं अक्षर बोलायला मिळालं नव्हतं ती. म्हणजे आम्ही किती वर्षांचे उपाशी होतो ते बघा.

टाचणीबाई हे अर्थातच आम्ही ठेवलेलं नाव. तिचे सासरे शिंपी. मुलाला सुईत दोरा ओवायचा म्हटला तरी घाम फुटे, म्हणून म्हाताऱ्याने कातर सुनेच्या हातात दिली आणि मुलाला लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला पाठवलं. मुलगा अंगाने इतका बारीक होता, की लिफ्ट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत सहज उतरायचा. त्याच्या साहेबाला असा माणूस म्हणजे देवाने पाठवलेला पाना वाटे. तिकडे सुनेचा हात असा बसला, की म्हातारा गेल्यावर गिऱ्हाईक कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

दुकान रस्त्यालगत, तळमजल्यावर. पुढे मोठी काच, काचेला लागून बेतायचं लांबडं टेबल, मागे पडदा लावून केलेली आरशाची खोली. सकाळी दुकान उघडलं की बाई आधी ओठांत टाचण्या धरणार आणि मग दिवा लावणार. त्या टाचण्या उतरायच्या जेवायच्या वेळी. बाकी वेळ सगळा कारभार तीन शब्दांवर. "हं" म्हणजे हो. "अंहं" म्हणजे नाही. आणि "हंऽ?" म्हणजे अगं बाई, खरं की काय!

गंमत अशी, की तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला कोणीही काहीही सांगतं. आरशासमोर हात आडवे पसरून उभं राहावं, कोणीतरी मागून टेप लावावी, आणि "हंऽ?" म्हणावं. बस्स. पोटात असेल नसेल ते भडाभडा बाहेर. कोणाची सून माहेरी का गेली, कोणाचा जावई कामावर जातो असं सांगून कुठे बसतो, कोणाच्या दातांची वरची पंगत खोटी आहे, सगळं त्या पडद्यामागे जमा होई. आणि बाहेर काय येई? तर फक्त शिवलेला कपडा, इस्त्री करून.

मला ही उधळपट्टी बघवत नसे. एवढा माल, आणि विक्री शून्य! गरज नसताना मी तिच्याकडे विजारी शिवून घेतल्या, निदान एखादा धागा हाती लागेल म्हणून. लागलं काहीच नाही. उलट मीच काहीबाही सांगून आलो. लोकांचं माप आम्ही सगळेच काढायचो, पण आम्ही जिभेने. टेपने काढणारी ती एकटी.

तर अशी ही बाई. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घ्यायची आणि अंथरुणाला पाठ लावली की सगळी गिऱ्हाइकं एकामागून एक येऊन तिच्या उशाशी बसायची. सून, जावई, खोटे दात. झोप उडाली. आधी एका कुशीवरची, मग दोन्ही. डोळ्यांखाली काळं आलं. बायका म्हणाल्या, वय झालं. वय काही झालं नव्हतं. कान भरले होते.

मग हेडमास्तरांच्या कोटाचं झालं.

शिंपी कापडाची दुहेरी घडी घालून बेततो. म्हणजे एकदा कातर चालवली की दोन बाह्या निघतात, एक डावी, एक उजवी. पण कापड अपुरं असलं तर घडी बसत नाही. मग एकेक बाही सुटी बेतावी लागते. अशा वेळी दुसऱ्या बाहीला कागदाचा नमुना पालथा करून ठेवायचा असतो. विसरलात, तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या. नवशिका शिंपी ही चूक एकदा करतो, टपली खातो आणि जन्मभर पुन्हा करत नाही.

हेडमास्तरांनी आणलेलं कापड अपुरं होतं. त्यांनी कोट चढवला. डावा हात झकास बसला. उजवा बाहीत शिरला तो शिरला आणि मागेच वळला. मागच्या बाकावरून कोणी चिठ्ठी सरकवावी आणि मास्तरांनी ती हळूच घ्यावी, असा. आरशात बघत ते म्हणाले, "बाई, हा हात कोणाचा?"

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. भर दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना! पडद्याबाहेर ताटकळणाऱ्या सगळ्यांना तेव्हाच कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

"हात तुमचा ठीक आहे," ती म्हणाली. "गेलाय तो माझा."

त्या दिवसापासून तिने कातर उचलायची आणि ठेवून द्यायची, असं सुरू झालं. कापड पसरायची, खडूने रेघा मारायची, कातर उघडायची. आणि बोटं थांबायची. डावी कुठली, उजवी कुठली? रेघ बरोबर असली तरी मन म्हणे, नाही. शेवटी कापड घडी करून परत. राहिलं काय, तर विजारीच्या कडा दुमडणं, चेन बदलणं, बटणं लावणं. जिच्या कोटासाठी लोक थांबायचे ती बाई बटणं लावायला लागली.

तिची नणंद वरच्या मजल्यावर राहायची. बाई चटपटीत. दुसऱ्याच्या घरातलं सामान कुठे ठेवायचं हे तिला आपल्या घरापेक्षा चांगलं कळायचं. ती जिना उतरून आली.

"वहिनी, तू दमलीयेस गं. ठेव ती कातर आता."

"अंहं."

"अंहं काय? तो रेडिमेडवाला जागा मागतोय. आयतं गिऱ्हाईक आहे. दादालाही पटतंय."

दादा कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हरने कान खाजवत होता. त्याला काय पटतंय ते त्याला तेव्हाच कळलं.

बाईंनी टाचण्या काढल्या. "वन्सं, थंडी पडेपर्यंत थांबा."

"थंडीत काय होणारे?"

"थंडीत लोक कोट शिवतात. एक कोट मला नीट बेतता आला नाही, तर मीच किल्ली नेऊन देईन त्याला."

"बघ हं. शब्द दिलायस."

"हं," बाई म्हणाल्या. टाचण्या परत जागेवर गेल्या होत्या.

म्हणजे बघा, पणाला काय लागलं होतं. सासऱ्याचं दुकान, काचेमागचं टेबल आणि तिचा स्वतःचा हात. आणि त्या हाताचं औषध होतं झोप, जी येत नव्हती.

ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "आ करा." मग म्हणाले, "आधी त्या टाचण्या काढा."

तपासून झाल्यावर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या नाहीत. म्हणाले, "आठवड्यातला एक दिवस गावाबाहेर जा. जिथे हिरवं दिसेल तिथे पडून राहा."

"तिथे काय करू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय करू?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. "बाई, काही नाही म्हणजे काहीच नाही. पुढचं गिऱ्हा... पुढचा पेशंट पाठवा."

दुकान बुधवारी बंद असायचं. घरी ती एवढंच म्हणाली, की डॉक्टरांनी मोकळी हवा घ्यायला सांगितलीये. नवरा म्हणाला, "घे." तो दिवसभर विहिरीसारख्या अंधाऱ्या खोबणीत लोंबकळणारा माणूस, मोकळी हवा म्हणजे नेमकं काय, याबद्दल त्याने खोलात जाऊन विचारलं नाही.

पहिल्या बुधवारी बाई बसने शेवटच्या थांब्यावर उतरल्या. पाण्याची मोठी टाकी ओलांडली, की उतार लागतो, खाली ओढा आहे आणि ओढ्याच्या काठी एक भलंमोठं झाड. झाड कशाचं, ते त्यांना माहीत नव्हतं. कापड असतं तर अंधारातही नुसत्या बोटांनी नाव सांगितलं असतं.

त्या बसल्या. काही नाही करायला लागल्या. जमेना. पिशवीतून हळूच एक उसवलेला सदरा आणला होता. तो पाच मिनिटांत शिवून झाला. मग समोर बघणं आलं. समोर टेकडी. टेकडीची कड खालीवर, कोणीतरी घाईत दुमडल्यासारखी. ओढा तर चक्क उसवलेलाच, कुठे रुंद कुठे चिंचोळा. एक पान उचलून शिरेवर मधोमध दुमडलं, तर दोन्ही बाजू एकमेकींना जुळेनात. असा माल गिऱ्हाइकाने तोंडावर मारला असता. बरं, सगळ्या झाडावर तसलीच पानं, आणि झाडाला त्याचं काही नाही!

मग तिने जे केलं ते शिंप्याशिवाय कोणी करणार नाही. पिशवीतून टेप काढली आणि झाडाचा घेर मोजायला घेतला. टेप पुरली नाही. अर्ध्यावरसुद्धा पोचली नाही. असलं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

टेप धरून ती खोडाला चिकटून उभी राहिली आणि सवयीने म्हणाली, "हंऽ?"

झाड काही बोललं नाही.

सून, जावई, खोटे दात, काहीही नाही. तिने पुन्हा एकदा "हंऽ?" करून पाहिलं. वर कुठेतरी एक पक्षी भराभरा काहीतरी सांगत होता, पण तो ते दुसऱ्याच कोणाला तरी सांगत होता. ओढ्याची आपली वेगळीच बडबड चालू होती, तीही हिला उद्देशून नव्हती. इतके सगळे बोलतायत, आणि कोणाला हिच्याकडून "हं" नको! बाई खोडाला पाठ लावून बसल्या, मग घसरत घसरत गवतावर आडव्या झाल्या, आणि मुंग्यांचा विचार करता करता झोपल्या. तोंड उघडं टाकून. टाचण्या नसल्यावर ते उघडायला हरकत नव्हती.

परतीच्या बसमधून उतरल्या तेव्हा पाठीला गवत, केसांत काडी आणि चेहरा असा, जसा आमच्या गल्लीत लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात असतो आणि मग असत नाही. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या बुधवारी पाहिलं, त्याच्या पुढच्याही पाहिलं. आणि त्यानंतर बटणांच्या दुकानातून बातमी निघाली.

आता तुम्ही म्हणाल, तिला सरळ विचारलं का नाही? अहो, अशी गोष्ट विचारायची नसते. विचारली की संपते.

आम्ही जाड्या शोधायला लागलो. गावात जाडे काही कमी नाहीत. पोस्टमास्तर होते, औषधवाला होता आणि सगळ्यांत पुढे, म्हणजे पोटाने, बेकरीवाला होता. एकेकाच्या घरी हाहाकार. पोस्टमास्तरांच्या बायकोने त्यांचा भात तोडला आणि त्यांना रोज संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. औषधवाल्याच्या बायकोने बुधवारी त्याच्या दुकानात येऊन बसायला सुरुवात केली. त्याची पंचाईत झाली, कारण बुधवारी तो काउंटरखाली झोप काढत असे. बेकरीवाला मात्र खुलला. अत्तर लावायला लागला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय हो, माझं नाव घेतात म्हणे?"

"कशात?"

"असंच हो. लोक काय, काहीही बोलतात." आणि ओव्हनच्या झळीत लाजला.

सगळ्यांत शेवटी बातमी पोचली ती नवऱ्याला. तीही कशी? तो लिफ्टच्या छतावर बसून तेल घालत होता. आत दोन बायका चढल्या.

"टेलरबाईचं ऐकलंस? जाड्याकडे जाते."

"जाईल नाहीतर काय. नवरा बघितलायस का तिचा? नुसता दोरा."

"दोऱ्याला गाठ तरी मारता येते गं!"

लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंत गेली. बायका खिदळत उतरल्या. छतावरचा माणूस तेलाचा डबा घेऊन तिथेच बसून राहिला.

दुसरा असता तर घरी जाऊन भांडला असता. हा बेकरीत गेला. त्याने पाव घेतले, लोणी घेतलं, क्रीमचे रोल घेतले, आणि जो माणूस अर्ध्या अंड्याने तृप्त व्हायचा तो ताटात उकडलेल्या बटाट्यांची रास रचून बसला. बायकोला जाड्या हवाय ना? ठीक आहे. बाहेर कशाला जायला हवं? घरचाच करू.

बाई खूश. तिला वाटलं, याची भूक सुधारली, ही आपल्याच सुधारलेल्या झोपेची पुण्याई. त्याने एक दिवस कमरेला न बसणारी विजार आणून तिच्यापुढे ठेवली, तेव्हा तिने "हंऽ?" म्हणत त्याच्या पोटावर थाप मारली आणि आनंदाने शिवण उसवून दिली. त्या "हंऽ?"ने बिचारा तीन दिवस हवेत होता. चौथ्या दिवशी तो फटीत अडकला. लिफ्ट वर, हा खाली, पोट मधे. चार माणसांनी पाय धरून ओढला. साहेब म्हणाला, "तुला झालंय काय? तुला तुझ्या बारीकपणाचा पगार देतो मी!"

मग मात्र त्याचा धीर सुटला. पुढच्या बुधवारी रजा टाकून तो बायकोच्या मागोमाग बसमध्ये चढला, मागच्या सीटवर, तोंडासमोर पेपर धरून. पेपर उलटा होता, हे कंडक्टरने त्याला दोनदा सांगितलं.

पाण्याच्या टाकीपर्यंत तो लपतछपत गेला. तिथून पाहतो तर बायको उतारावरून अशी चाललीये, जणू खाली कोणीतरी हात पसरून उभं आहे. तो दगडाआड बसला. बराच वेळ गेला. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. शेवटी तो चवड्यांवर चालत झाडापाशी गेला. बायको गाढ झोपलेली. एकटी. त्याने झाडाला एक फेरी मारली, मागे कोणी आहे का बघायला. मग त्याच्या डोक्यात आलं, की आपण फिरतोय तसा तोही पुढे पुढे सरकत असेल. म्हणून उलट्या बाजूने एक फेरी मारली. एवढ्या खोडामागे बेकरीवाला सहज मावला असता. पण नव्हता. फांद्याही तपासल्या. तिथे जाड्या असण्याची शक्यता कमी होती, तरी तपासल्या.

"अहो?"

बायको कोपरावर रेलून त्याच्याकडे बघत होती. "तुम्ही इकडे कुठे?"

नवऱ्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. "कामावर आलोय. इकडे एक लिफ्ट बिघडलीये."

बाईंनी चहूकडे पाहिलं. टेकडी, ओढा, गवत. मग झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं. "वर जायची का खाली यायची?"

"ते... बघायला लागेल."

"बघा सावकाश," ती म्हणाली आणि थोडी सरकली. "पण बोलू नका हं. इथे बोलायचं नसतं."

तो बसला. खिशातले क्रीमचे रोल काढले, दोघांनी खाल्ले. मग तो आडवा झाला, एक डोळा उतारावर ठेवून, जाड्या येतो का बघत. वारं पानांतून फिरत होतं, उन्हाचे ठिपके पोटावर इकडून तिकडे जात होते. वर्षानुवर्षं ज्याने मान वर केली की काळोख आणि ग्रीस लावलेल्या दोऱ्या दिसायच्या, त्याला मान वर केल्यावर आभाळ दिसलं. उघडा ठेवलेला डोळा आधी मिटला. दुसरा आधीच मिटला होता.

जाड्या आज आला नाही, म्हणजे पुढच्या बुधवारी येणार, असं त्याने ठरवलं आणि पुढच्या बुधवारीही तिथे गेला. नंतर पहारा करायला जातोय की झोपायला, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

थंडी पडली. आणि बेकरीवाल्याची बायको दुकानात आली. पुढे ती, मागे बेकरीवाला, त्याच्या काखेत कापडाचं पुडकं.

"मुलीच्या लग्नात घालायला यांना कोट शिवायचाय," ती म्हणाली. "मी इथेच बसणार आहे. माप माझ्यासमोर घ्या."

तिला कोट नको होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिला त्या दोघांना समोरासमोर उभं करून बघायचं होतं. काचेबाहेर बघता बघता माणसं जमली. मी अर्थात आधीपासूनच तिथे होतो. नणंदही जिना उतरून आली, हातात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत.

बाईंनी टेप टाकली. बेकरीवाल्याने पोट आत घेतलं, छाती पुढे काढली आणि आमच्याकडे पाहून मिशीवरून बोट फिरवलं.

"श्वास सोडा," बाई म्हणाल्या. म्हणजे "हं" म्हणाल्या आणि पोटाला टाचणी दाखवली. श्वास सुटला. टेप अपुरी पडायला आली.

बायको डोळ्यांत तेल घालून बघत होती. बाईंच्या नजरेत काय होतं? एका मोठ्या घेराचं काळजीपूर्वक घेतलेलं माप. बाईंनी आकडे टिपले, कापड टेबलावर उलगडलं आणि जागच्या जागी थबकल्या.

कापड अपुरं होतं. अशा घेराला कुठलं कापड पुरणार? घडी बसणार नव्हती. बाह्या सुट्या बेताव्या लागणार होत्या, एकेक करून.

नणंद कापडाकडे बघून उमजली. शिंप्याची मुलगी ती. किल्ल्यांचा आवाज थांबला. "वहिनी," ती हळू आवाजात म्हणाली, "राहू दे. उगाच दुसऱ्याचं भारी कापड. तुझी चूक नाही गं. नाही म्हणून सांग."

"अंहं."

बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कडी लावली आणि खडू घेतला. काचेतून सगळं दिसत होतं. पाठ बेतली. पुढच्या बाजू बेतल्या. कातर सरळ गेली. पहिली बाही आली; ती कापून तिने बाजूला ठेवली. मग कागदाचा नमुना हातात घेतला, आणि बोटं थांबली.

तिने नमुना खाली ठेवला. कातर मिटली. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून डबीत टाकल्या. मग टेबलाखालच्या चिंध्यांच्या ढिगावर एक गठ्ठा उशाला घेऊन ती आडवी झाली आणि भर बाजारात, पन्नास डोळ्यांसमोर, झोपली.

"मेली की काय?" बेकरीवाल्याची बायको किंचाळली.

नणंदेने काचेला नाक लावलं. "घोरतेय."

"असं कसं घोरतेय? माझं कापड तिथे अर्धवट पडलंय!"

नवरा कामावरून येत होता. गर्दीतून पुढे आला, आत पाहिलं, आणि त्याने जन्मात पहिल्यांदा बहिणीला आणि अख्ख्या गल्लीला एकदम झापलं. "गप्प बसा सगळे! बोलायचं नसतं!"

आम्ही गप्प बसलो. का बसलो, देव जाणे. त्या गल्लीत तेवढी शांतता त्याआधी झाली नव्हती आणि माझ्या तोंडात जीभ आहे तोवर पुन्हा होईल असं वाटत नाही.

फार वेळ नाही लागला. बाई उठल्या, केसांतली चिंधी काढली, जांभई दिली. नमुना उचलला, पालथा केला, खडू फिरवला, कातर चालवली. कागदाचा पतंग फाडावा इतक्या सहज. बाहेर नणंदेने दोन्ही हात पदराला पुसले आणि जुडगा कमरेला खोचून टाकला. "रेडिमेडवाल्याला सांगते, दुसरीकडे बघ म्हणून," ती दादाला म्हणाली. "नाहीतरी मला तो माणूस आवडला नव्हता."

कोट झाला. बेकरीवाल्याने तो आरशासमोर चढवला, दोन्ही हात पुढे केले, आणि दोन्ही पुढे आले. त्याने टाळी वाजवून पाहिली. बायकोने चारही बाजूंनी तपासला, मग तिच्या तोंडून निघालं, "माणूस वाटताय." टेलरबाईबद्दल ती पुन्हा कधी काही बोलली नाही. बेकरीवाल्याचं अत्तर मात्र सुटलं; त्याचा चेहरा थोडा उतरलाच होता.

बाई अजून कोट शिवतात. बुधवारी दोघं बसने जातात. नवऱ्याला साहेबाने आता वरून दोरी धरायचं काम दिलंय, फटीत दुसरा कोणी उतरतो.

टाचणीबाईचा जाड्या कोणी नव्हता. बटणवाल्या काकू कपड्याची कड दुमडून घ्यायला तिच्यासमोर उभ्या होत्या आणि त्यांनी विचारलं होतं, बुधवारी कुठे जातेस. ती म्हणाली होती, "झाडाकडे." तोंडात टाचण्या होत्या.